लक्झरी सेडानची एक्स्टेंडेड वॉरंटी : कुणाला मिळते, कागद काय लागतात आणि अर्ज नेमका कधी करायचा

लक्झरी सेडान घेणारे बरेच जण एक्स्टेंडेड वॉरंटीचा, म्हणजे कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर पुढच्या काळासाठी पैसे भरून घ्यायच्या वॉरंटीचा, विचार दोनच वेळा करतात. एकतर डिलिव्हरीच्या दिवशी, पंधरा कागदांवर सह्या करता करता फायनान्सवाला सोळावा कागद पुढे सरकवतो तेव्हा, नाहीतर कंपनीची वॉरंटी संपल्यावर एअर सस्पेन्शनच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या सस्पेन्शनच्या) दुरुस्तीचं पहिलं एस्टिमेट हातात येतं तेव्हा. पहिल्या वेळी घाई असते आणि दुसऱ्या वेळी उशीर झालेला असतो. खरी वेळ या दोन्हींच्या मधली आहे, कंपनीची वॉरंटी अजून चालू असताना, कारण बहुतेक कंपन्या स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आतच देतात आणि ती तारीख गेली की एकतर नकार मिळतो नाहीतर गाडीची पूर्ण तपासणी करून मग बघू असं सांगतात. म्हणून हा विषय एक रीतसर अर्ज समजूनच करा, शेवटच्या तारखेसकट.

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा

मूळ वॉरंटी किती, हे प्रत्येक देशात आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि यामागे विक्रीची स्पर्धा आहे हे लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच सोपं जातं. अमेरिकेतलं उदाहरण घेऊ, कारण तिथले आकडे स्पष्ट आहेत. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी तिथे ४ वर्षं किंवा ५०,००० मैल देतात, यातलं जे आधी पूर्ण होईल ते. लेक्सस पूर्ण गाडीला तेवढीच देते पण इंजिन-गिअरबॉक्सला ६ वर्षं किंवा ७०,००० मैल. जेनेसिस पूर्ण गाडीला ५ वर्षं किंवा ६०,००० मैल आणि इंजिन-गिअरबॉक्सला थेट १० वर्षं किंवा १,००,००० मैल. हा फरक उगाच नाही. ज्याच्या नावावर जुनी प्रतिष्ठा आहे त्याला जास्त देण्याची गरज वाटत नाही, आणि जो नंतर आला त्याला विश्वास कमवायला लागतो. ह्युंदाईने १९९८ साली अमेरिकेत १० वर्षांची वॉरंटी जाहीर केली ती याचसाठी, लोकांचा गाडीच्या दर्जावर भरवसा नव्हता म्हणून, आणि २०१५ मध्ये ह्युंदाईतूनच जेनेसिस वेगळा ब्रँड झाला तेव्हा तोच वारसा लक्झरी सेडानमध्ये आला. लेक्ससने १९८९ ला एलएस ४०० आणली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुमारे ८,००० गाड्या रिकॉल कराव्या लागल्या, म्हणजे दोष काढायला परत बोलवाव्या लागल्या, तर त्यांनी माणसं पाठवून ग्राहकांच्या घरून गाड्या नेल्या, दुरुस्त करून धुऊन परत आणून दिल्या, साधारण तीन आठवड्यांत सगळं उरकलं. विक्रीनंतरची सेवा हेच विक्रीचं हत्यार होऊ शकतं हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आता यातून तुमच्या कामाचं काय, तर ज्याची मूळ वॉरंटी लांब आहे त्याच्या एक्स्टेंडेड वॉरंटीतली पहिली एक-दोन वर्षं तुम्ही आधीच विकत घेतलेली असतात. जेनेसिसवाल्याला कुणी फक्त इंजिन-गिअरबॉक्सचं कव्हर विकत असेल तर त्याने ते घेऊ नये, त्याला इलेक्ट्रॉनिक्सचं हवं. जर्मन सेडानवाल्याला दोन्ही लागेल. जाहिरातीत '७ वर्षांची वॉरंटी' लिहिलेलं असतं त्यात मूळची ४ धरलेली असतात, म्हणजे पैसे ३ वर्षांचे भरता, हेही नीट विचारून घ्या.

अजून एक गोष्ट, जी खूप जणांना माहीत नसते. वॉरंटी मॉडेलच्या वर्षापासून मोजत नाहीत आणि तुम्ही गाडी घेतल्या तारखेपासूनही दरवेळी नाही, ती गाडी पहिल्यांदा वापरात आल्या तारखेपासून मोजतात. शोरूमची डेमो गाडी स्वस्तात घेतली असेल तर वॉरंटीचे काही महिने डेमोतच गेलेले असू शकतात. ही तारीख अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला की सिस्टिममध्ये दिसते, तोंडी ऐकू नका, प्रिंट मागा.

कुणाची गाडी बसते, कुणाची नाही

पात्रतेचे नियम कंपनीगणिक बदलतात पण मुद्दे तेच. गाडीचं वय आणि किलोमीटर ठरलेल्या मर्यादेत हवेत, मूळ वॉरंटी चालू हवी, सर्व्हिस वेळेवर झालेली हवी, ओडोमीटरमध्ये छेडछाड नको, आणि गाडी खाजगी वापरात हवी. टॅक्सी, भाड्याने देणं, हॉटेलची पाहुण्यांची गाडी, यांना साधी योजना चालत नाही, त्यांची वेगळी असली तर असते, आणि हे लपवून घेतलं तर क्लेमच्या वेळी हमखास बाहेर येतं. अपघातात टोटल लॉस ठरलेली किंवा पुरात बुडालेली गाडी जवळपास सगळीकडे बाद. इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ट्यून करून ताकद वाढवलेली असेल तर इंजिन-गिअरबॉक्सचं कव्हर गेलंच समजा, कारण मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी बऱ्याच गाड्यांमध्ये त्याची खूण राहते. दुसऱ्या देशातून आणलेली गाडी असेल तर त्या देशाची वॉरंटी इथे चालेल असं धरू नका, चेसिस नंबरवरून गाडी कुठल्या बाजारासाठी बनली ते लगेच कळतं.

बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिस केली म्हणून वॉरंटी गेली का, हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे कंपनी फक्त तेवढ्या कारणाने मूळ वॉरंटी नाकारू शकत नाही, बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असं दाखवावं लागतं. पण एक्स्टेंडेडच्या करारात काय लिहिलंय ते वेगळं असू शकतं, आणि काही ठिकाणी तर सर्व्हिस आणि वॉरंटी मुद्दाम बांधलेलीच असते. ब्रिटनमध्ये लेक्ससची सोय अशी आहे की मूळ वॉरंटी संपल्यावर अधिकृत सेंटरला सर्व्हिस केली की दरवेळी १२ महिने किंवा १०,००० मैलांची वॉरंटी मिळते, गाडी १० वर्षांची किंवा १,००,००० मैलांची होईपर्यंत. वेगळे पैसे नाहीत, फक्त गाडी त्यांच्याकडे यायला पाहिजे. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते, दोघांचाही फायदा उघड्यावर आहे.

कागद

यादी मोठी नाही पण एखादा कागद नसला की अर्ज अडतो. मूळ खरेदीचं इनव्हॉइस, गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, तुमचं ओळखपत्र, आधीच्या वॉरंटीचं बुकलेट किंवा सर्टिफिकेट, आणि चेसिस नंबर. हा १७ अक्षर-अंकांचा असतो, विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर मिळतो, कागदावरचा आणि गाडीवरचा एकदा स्वतः जुळवून बघा, कारण एक अक्षर चुकलं तरी करार भलत्याच गाडीचा होतो आणि ते कळतं थेट क्लेमच्या दिवशी. ओडोमीटरचा तारखेसकट फोटो. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर त्याचा करार.

पण सगळ्यात वजनाचा कागद म्हणजे सर्व्हिस हिस्टरी. फक्त बुकलेटमधले शिक्के पुरत नाहीत, प्रत्येक सर्व्हिसचं बिल ज्यात तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि बदललेले पार्ट लिहिलेत ते हवं. बाहेर ऑइल बदललं असेल तर त्याचंही बिल. टर्बो गेला किंवा टायमिंग चेन वाजायला लागली की पहिला प्रश्न ऑइल कधी बदललं हाच येतो आणि तिथे कागद नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. गाडी सेकंड हँड असेल तर मालकी बदलल्याचा कागद, तपासणीचा रिपोर्ट आणि राहिलेले रिकॉल पूर्ण केल्याची नोंद, एवढं वाढतं.

अर्ज कसा पुढे सरकतो

आधी चेसिस नंबर देऊन लेखी कोटेशन घ्या, एक कंपनीच्या स्वतःच्या योजनेचं आणि एक बाहेरच्या कंपनीचं. बाहेरच्यांचं स्वस्त दिसतं पण त्यात बहुतेक वेळा सुरुवातीचा वेटिंग पिरियड (ज्यात क्लेम चालत नाही) असतो, ताशी मजुरीवर मर्यादा असते, आणि लक्झरी वर्कशॉपचा मजुरीचा दर त्या मर्यादेच्या वर असला की फरक तुमच्या खिशातून. शिवाय जबाबदारी नेमकी कुणाची ते बघा, डिलर फक्त विकणारा असतो, पैसे देणारी कंपनी दुसरीच असते आणि तिच्यामागे इन्शुरन्स आहे का हे करारात लिहिलेलं असतं.

मग करार पूर्ण वाचायला घरी आणा. यात खरं बघायचं ते हे की कव्हर कसं लिहिलंय. काही योजनांत कव्हर होणाऱ्या पार्टची यादी असते, यादीत नाही ते नाही. काहींत उलटं, न होणाऱ्यांची यादी असते आणि बाकी सगळं कव्हर. लक्झरी सेडानसाठी शक्यतो दुसरीच घ्या, माझं याबाबत ठाम मत आहे. कारण या गाड्यांत पैसे लागतात ते अशाच गोष्टींना ज्या साध्या यादीत बसत नाहीत. मर्सिडीजच्या १९९८ च्या एस क्लासमध्ये एअर सस्पेन्शन आलं, आता त्यात कॉम्प्रेसर, चारही स्ट्रट, व्हॉल्व्ह ब्लॉक, उंचीचे सेन्सर, सगळं बिघडू शकतं. २०१७ च्या सुमारास ऑडी ए८ आणि एस क्लासमध्ये ४८ व्होल्टची इलेक्ट्रिकल सिस्टिम आली. शिवाय रडार, कॅमेरे, आपोआप ओढून बंद होणारी दारं, डॅशबोर्डभर स्क्रीन, हेडलाइटमधले कंट्रोल युनिट. 'सस्पेन्शन कव्हर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, एअर स्ट्रटचं नाव दाखवा म्हणा.

ब्रेक पॅड, डिस्क, टायर, वायपर, काचा, रंग, सीटचं लेदर, मॅपचं सबस्क्रिप्शन हे बहुतेक कुठेच कव्हर नसतं, त्यावर वाद घालू नका. वाद होतो तो झीज आणि बिघाड यांच्या सीमेवर, म्हणजे रबरी बुश, इंजिनचे माउंट, ऑइल गळणारे सील आणि गास्केट. हे करारात कुठल्या बाजूला आहेत ते आधीच बघा. मग दर क्लेमला तुम्ही भरायची रक्कम, ती वर्कशॉपच्या दर फेरीला आहे का दर दुरुस्तीला, कारण एकाच फेरीत तीन कामं निघाली तर फरक मोठा पडतो. एका क्लेमची आणि एकूण कमाल मर्यादा. बिघाड शोधायच्या तपासणीचे पैसे कोण देणार. एक पार्ट तुटल्याने दुसरा खराब झाला तर तो धरतात का.

इलेक्ट्रिक सेडान असेल तर बॅटरीची वॉरंटी आधीच वेगळी आणि लांब असते, मर्सिडीजच्या ईक्यूएसला १० वर्षं किंवा २,५०,००० किलोमीटर आहे, तेव्हा बॅटरीच्या भीतीने एक्स्टेंडेड घेऊ नका, बाकी इलेक्ट्रॉनिक्ससाठी घ्यायची तर घ्या.

किमतीबद्दल मोकळेपणाने बोला. सेडानचे गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळल्यापासून डिलरवर टार्गेटचं प्रेशर आहे, आणि गाडीच्या किमतीत मार्जिन कमी उरलं की ते वॉरंटी, कोटिंग, अ‍ॅक्सेसरीज यातून काढतात, म्हणजेच वॉरंटीच्या भावात कमी करायला जागा असते. महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटी जास्त. 'आज सही केली तरच हा भाव' असं म्हटलं तरी मूळ वॉरंटी चालू आहे तोवर एक्स्टेंडेड नंतरही घेता येते. आणि रक्कम कर्जात मिसळू नका, वॉरंटीवर पाच वर्षं व्याज भरत बसाल. तीन वर्षांच्या लीजवर गाडी असेल आणि मूळ वॉरंटी चार वर्षांची असेल तर घ्यायचं कारणच नाही, फक्त लीजमधली किलोमीटरची मर्यादा वॉरंटीच्या आत आहे ना ते बघा.

गाडीची तपासणी सांगितली तर ती व्हायच्या आधी राहिलेली सर्व्हिस आणि रिकॉल उरकून घ्या, तपासणीत जे आधीच बिघडलेलं सापडतं ते कव्हरमधून बाहेर जातं. पैसे भरल्यावर पावतीवर थांबू नका. कराराचा नंबर, सुरू आणि संपायची तारीख, किलोमीटरची मर्यादा हे सगळं असलेलं सर्टिफिकेट घ्या, आणि काही दिवसांनी कराराच्या कंपनीला, डिलरला नाही, स्वतः फोन करून तो नंबर त्यांच्याकडे चढलाय का विचारा. पैसे पोचले नाहीत म्हणून करारच झाला नाही असं कळायला क्लेमपर्यंत थांबू नये.

क्लेम आणि नंतरचं

क्लेमला एकच नियम सगळ्यात कडक असतो, मंजुरी आधी, काम नंतर. वर्कशॉपने बिघाड शोधून कराराच्या कंपनीला कळवायचं, मंजुरीचा नंबर घ्यायचा, मगच पार्ट काढायचा. इंजिन खोलून बघावं लागणार असेल तर तुमची लेखी संमती मागतात, कारण बिघाड कव्हरबाहेरचा निघाला तर खोलायचे पैसे तुमचे, तेव्हा सहीच्या आधी तो आकडा विचारा. वॉर्निंग लाइट लागल्यावर तशीच गाडी चालवत राहिलात तर वाढलेलं नुकसान नाकारतात, म्हणून लाइट लागल्या दिवशीचा फोटो आणि फोन केल्याची नोंद ठेवा. नकार आला तर कराराचं नेमकं कलम लेखी मागा आणि जुना काढलेला पार्ट वर्कशॉपमध्ये राखून ठेवायला सांगा, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा असेल तर तोच पुरावा.

मन बदललं तर रद्द करता येते. बहुतेक करारांत सुरुवातीची ठरावीक मुदत असते ज्यात क्लेम केला नसेल तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर उरलेल्या काळाच्या किंवा किलोमीटरच्या प्रमाणात, थोडी फी कापून. अर्ज लेखी, ओडोमीटरच्या फोटोसकट, आणि गाडी कर्जावर असेल तर परतावा आधी कर्जात जमा होऊ शकतो.

गाडी विकताना वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करता येत असेल तर भाव बरा येतो, पण ती आपोआप जात नाही. ट्रान्सफरचा फॉर्म, थोडी फी, विक्रीचा कागद, त्या दिवसाचं ओडोमीटर रीडिंग आणि सर्व्हिसची बिलं, हे सगळं करारातल्या मुदतीत द्यावं लागतं, बऱ्याच ठिकाणी ती मुदत ३० दिवसांचीच असते. घेणाऱ्यानेही एक बघावं, काही वॉरंट्या दुसऱ्या मालकाला पूर्ण मिळतच नाहीत. अमेरिकेत जेनेसिसची ती १० वर्षांची इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी पहिल्या मालकापुरती आहे, दुसऱ्याला ५ वर्षं किंवा ६०,००० मैलच, म्हणून जाहिरातीतला आकडा सांगून कुणी सेकंड हँड गाडी विकत असेल तर आधी चेसिस नंबरवर उरलेली वॉरंटी काढून घ्या आणि मगच टोकन द्या.