मोठ्या आतड्याचा कॅन्सर: ओपन, दुर्बीण की रोबोट? वादामागचा इतिहास

बायोप्सीचा रिपोर्ट हाती पडला की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, दुर्बिणीनं होईल ना?" नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) असो, जामठ्याचं एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) असो की धंतोलीतलं खासगी हॉस्पिटल, चंद्रपूर-गडचिरोलीपासून पार बालाघाट-छिंदवाड्याहून आलेली माणसं हेच विचारतात. हल्ली रोबोटचंही नाव निघतं. प्रश्न रास्तच, पण तो पोटावरच्या चिरेबद्दलचा आहे. सर्जनांची झोप उडवली ती आतल्या दोन गोष्टींनी: गाठ कापल्यावर आतड्याच्या टोकांना दिलेला जोड टिकेल का, आणि रोग मागे राहील का.

आतडं कापण्यापेक्षा जोडणं अवघड. जोड सुटला की विष्ठा पोटात पसरते, आणि अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा त्यातून क्वचितच कुणी वाचे. म्हणून कोपनहेगनचे ब्लॉक, लिव्हरपूलचे पॉल आणि ब्रेसलाऊचे मिकुलिच यांनी पोटात जोडायचंच टाळलं. गाठीचा भाग पोटाबाहेर काढायचा, बाहेरच कापायचा, दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी ठेवायची आणि काही दिवसांनी मधली भिंत चिमट्यानं चिरडून वाट एक करायची. ऐकायला अघोरीच. पण १९०३ साली मिकुलिच यांनी मांडलेल्या आकड्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आलं होतं. १९२१ मध्ये पॅरिसच्या हार्टमान यांनी आणखी सोपी वाट दाखवली: खालचं तोंड शिवून आत सोडायचं, वरचं पोटावर आणायचं, म्हणजे विष्ठा तिथे लावलेल्या पिशवीत जमा होते.

पुढे अँटिबायोटिक्स आणि स्टेपलर (आतडं पिना मारून जोडणारं साधन) आले, जोड बराच भरवशाचा झाला आणि लक्ष रोगाकडे वळलं. हा कॅन्सर आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लसिका ग्रंथींमधून (लिम्फ नोड) पसरतो. तेव्हा तो पडदा न फाडता, रक्तवाहिनी मुळाशी बांधून, अख्खा काढायचा. जर्मनीत एर्लांगनच्या होहेनबर्गर यांनी २००९ मध्ये या पद्धतीची शिस्तशीर मांडणी केली. तिचा हिशेब होतो पॅथॉलॉजीच्या टेबलावर. फॉर्मालिनमधून काढलेल्या नमुन्याची चरबी बोटांनी चाचपत, पातळ काप करत ग्रंथी शोधतात. काही तर तांदळाच्या दाण्याएवढ्या. निदान १२ सापडायला हव्यात, नाहीतर स्टेज खात्रीनं सांगता येत नाही आणि केमोचा निर्णय अडतो. माझ्या मते दुर्बिणीच्या आधी या आकड्याची चौकशी करावी.

दुर्बिणीनं आतडं काढायला १९९०च्या सुमारास सुरुवात झाली. लवकरच दुर्बिणीसाठी पोटाला पाडलेल्या छिद्रांच्या जागी कॅन्सर उगवल्याच्या बातम्या आल्या आणि अनेकांनी हात आखडता घेतला. शंका फिटली २००४ मध्ये. अमेरिका-कॅनडातल्या ४८ केंद्रांत ८७२ पेशंटवर झालेल्या अभ्यासात तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, ओपनमध्ये, म्हणजे पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये, १८ टक्के निघालं. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. दुखणं कमी, सुट्टी एखादा दिवस आधी. तसंही तुकडा बाहेर काढायला दोन-तीन इंचांची चीर लागतेच, हे फार थोड्यांना माहीत असतं. रोबोटनं सर्जनच्या हाताला सोय दिली. कॅन्सर जास्त बरा होतो असं मात्र त्यानं दाखवून दिलेलं नाही. बिल तेवढं वाढतं.

आतडं पूर्ण बंद होऊन, पोट फुगलेल्या अवस्थेत पेशंट रात्री कॅज्युअल्टीत आला, की निवड फारशी उरत नाही. गाठ उजवीकडे असेल तर तेव्हाही बहुतेकदा जोड देता येतो. डावीकडे असेल तर आजही अनेकदा हार्टमान यांचंच ऑपरेशन होतं. पिशवी काही महिन्यांनी काढता येते. पण त्यासाठी दुसरं मोठं ऑपरेशन लागतं आणि वय, तब्येत किंवा केमोपायी अनेकांचं ते राहूनच जातं.