किडनीचे आजार: गाठीपासून डायलिसिसपर्यंत, निदान आणि उपचार

किडनी म्हणजे मूत्रपिंड, जुन्या पुस्तकांत वृक्क. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही अंगांना, मुठीएवढ्या दोन. एकेकीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात आणि हे नेफ्रॉन रक्त गाळतात, दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळलं जातं पण त्यातलं दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर पडतं, बाकी सगळं परत रक्तात. शिवाय बीपी सांभाळणं, हिमोग्लोबिन तयार व्हायला लागणारं एरिथ्रोपोएटिन बनवणं, व्हिटॅमिन डी कामाला लावणं ही कामंही तिचीच, म्हणून किडनी बिघडली की माणूस फिक्का पडतो, हाडं दुखतात, बीपी वाढतं आणि लघवी मात्र कित्येकदा व्यवस्थित होत असते. नेफ्रॉन आईच्या पोटात असतानाच बनतात, जन्मानंतर नवीन एकही होत नाही. त्यामुळे आजार कुठलाही असो, कॅन्सरची गाठ असो की शुगरने झालेली खराबी, डॉक्टर शेवटी एकच हिशोब मांडतात, नेफ्रॉन उरलेत किती आणि त्यातले वाचवता किती येतील.

निसर्गाने इथे साठा भरपूर दिलाय. १८६९ साली जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव्ह सायमन नावाच्या सर्जनने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून, मग एका बाईची एक किडनी ठरवून काढली आणि ती बाई बरी होऊन घरी गेली, एका किडनीवर माणूस जगतो हे तेव्हा सिद्ध झालं. पण हाच साठा पेशंटला फसवतो. निम्मं काम बंद पडलं तरी काही जाणवत नाही, आणि भूक जाणं, मळमळ, अंगाला खाज, पायावर सूज, रात्री दम लागणं हे सगळं सुरू होतं तेव्हा बहुतेक वेळा किडनी १५-२० टक्क्यांवर आलेली असते. आमच्या किडनीला काही त्रास नव्हता हो, अचानक फेल झाली, असं जे घराघरात ऐकू येतं त्यात अचानक फक्त कळलेलं असतं.

तपासण्या

सगळ्यात जास्त होणारी तपासणी सीरम क्रिएटिनिन. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून निघणारा कचरा, किडनी तो टाकते, काम कमी झालं की रक्तात साठतो. लॅबच्या कागदावर नॉर्मल साधारण ०.६ ते १.२ असं छापलेलं असतं आणि लोक तेवढाच आकडा बघून कागद घडी करून ठेवतात. गडबड अशी की क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं, जिममध्ये जाणाऱ्या तगड्या पोराचं १.३ काहीच नसेल आणि ४० किलोच्या सत्तरीतल्या आजीचं १.१ म्हणजे किडनी निम्म्यावर असू शकते. म्हणून वय आणि बाई-पुरुष धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढतात, हल्ली २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र वापरतात, बऱ्याच लॅब रिपोर्टवरच छापून देतात. ९० च्या वर चांगलं, ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिलं तर क्रॉनिक किडनी डिसीज म्हणजे सीकेडी, ३० च्या खाली चौथी स्टेज, १५ च्या खाली पाचवी. तीन महिन्यांची अट महत्त्वाची आहे, जुलाब लागून शरीरातलं पाणी कमी झाल्यावर एकदा वाढलेलं क्रिएटिनिन म्हणजे सीकेडी नव्हे.

दुसरी तपासणी लघवीची, आणि माझ्या मते हिला फारच कमी किंमत दिली जाते. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली सूज आलेले पेशंट, लघवीतलं अल्ब्युमिन आणि खराब किडनी यांचा संबंध दाखवला होता, तेव्हा लघवी चमच्यात घेऊन दिव्यावर तापवायचे, अल्ब्युमिन असलं की ती गढूळ व्हायची. आज त्याच जागी एसीआर म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो आहे, ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम, त्याच्या वर जास्त. शुगरवाल्या माणसाचं एसीआर क्रिएटिनिनच्या कित्येक वर्षं आधी वाढायला लागतं, म्हणजे जेव्हा औषधाने खरंच फरक पडतो तेव्हा. शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि एसीआर दोन्ही, इतकं साधं आहे. लघवीला न बसणारा फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज, कोकाकोलासारखा रंग, यातलं काहीही दिसलं तर वर्षाची वाट बघायची नाही.

सोनोग्राफीत किडनीचा आकार कळतो, मोठ्या माणसात ९ ते १२ सेंटीमीटर. आकसलेली किडनी आणि रिपोर्टवर सीएमडी गेल्याचा, म्हणजे किडनीचा बाहेरचा आणि आतला थर वेगळा दिसत नसल्याचा, शेरा म्हणजे दुखणं जुनं आहे. अपवाद डायबेटिसचा, त्यात किडनी बरीच खराब होऊनही आकार नॉर्मल दिसू शकतो. पॉलिसिस्टिक किडनी, खड्याने किंवा प्रोस्टेटने अडलेली लघवी हेही सोनोग्राफीतच पकडतात, आणि अडथळा वेळेत काढला तर किडनी परत येते, म्हणून ही तपासणी कधी टाळू नये. नेमकं काय बिघडलंय ते इतकं करूनही कळलं नाही, प्रोटीन खूप जातंय किंवा क्रिएटिनिन झपाट्याने वाढतंय, तर बायोप्सी. बायोप्सी म्हटलं की घरचे कॅन्सर समजून हादरतात, पण नेफ्रॉलॉजिस्टची बायोप्सी बहुतेक वेळा ल्युपस, आयजीए नेफ्रोपथी असे आजार ओळखायला असते.

गाठी

पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि किडनीवर काहीतरी दिसलं, आजकाल निम्म्याहून जास्त किडनी कॅन्सर असेच सापडतात. पुस्तकातलं त्रिकूट, म्हणजे कुशीत दुखणं, लघवीतून रक्त आणि हाताला लागणारा गोळा, हे तिन्ही एकत्र असणारे पेशंट कमीच, आणि असतील तर आजार पुढे गेलेला असतो. पण न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं आणि थांबलं तरी, चाळिशीनंतर सीटी आणि दुर्बिणीने ब्लॅडर बघणं सोडायचं नाही, विशेषतः बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनी, कारण तंबाखूचा किडनीच्या आणि ब्लॅडरच्या दोन्ही कॅन्सरशी सरळ संबंध आहे.

सोनोग्राफीत दिसणारी बरीचशी गोष्ट म्हणजे साधी सिस्ट, पाण्याची पुटकुळी, तिला काहीच करावं लागत नाही. सिस्टमध्ये पडदे, जाड भिंत असं काही असेल तर कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून औषध देऊन सीटी करून तिला बॉस्नियाक वर्गात बसवतात, अमेरिकेतल्या मॉर्टन बॉस्नियाक या रेडिओलॉजिस्टने १९८६ मध्ये केलेली ही वर्गवारी २०१९ ला सुधारली गेली. पहिला-दुसरा वर्ग सोडून द्यायचा, तिसऱ्या-चौथ्यात कॅन्सरची शक्यता वाढत जाते. अँजिओमायोलायपोमा ही गाठ सीटीत चरबी दिसल्याने ओळखू येते, कॅन्सर नसते, पण मोठी झाली, साधारण चार सेंटीमीटरच्या पुढे, की आत रक्तस्राव होण्याची भीती असते. घट्ट आणि कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ मात्र रीनल सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीचा नेहमीचा कॅन्सर, समजूनच चालायचं, त्यातला क्लिअर सेल प्रकार सुमारे ७५ टक्के. लहान मुलांत विल्म्स ट्युमर, मुलाला आंघोळ घालताना आईच्या हाताला पोट एका बाजूला फुगलेलं लागतं, आणि तो आता बहुतांश मुलांत बरा होतो.

पूर्वी गाठ लहान असो मोठी असो, सगळी किडनी काढायचे, दुसरी आहेच ना म्हणून. आता चार सेंटीमीटरपर्यंत, जमलं तर सातपर्यंतही, फक्त गाठ काढून बाकी किडनी ठेवतात, याला पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी २००६ साली आपल्या पेशंटचे आकडे छापले, तीन वर्षांनंतर ईजीएफआर ६० च्या वर टिकून राहिलेले लोक पार्शलमध्ये ८० टक्के होते आणि पूर्ण किडनी काढलेल्यांत ३५ टक्के, आणि हे सगळे ऑपरेशनच्या आधी दोन किडन्या आणि नॉर्मल क्रिएटिनिन असलेले. अर्थात युरोपात झालेल्या मोठ्या ट्रायलमध्ये पार्शलने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, त्यामुळे गाठ अवघड जागी असेल तर हट्ट धरण्यात अर्थ नाही. वय झालेल्या माणसाची लहान गाठ नुसती स्कॅन करत लक्ष ठेवूनही चालते. पसरलेल्या आजारात जुनी केमोथेरपी फारशी चालत नाही, त्या जागी सुनिटिनिब, पाझोपॅनिबसारख्या गोळ्या आणि निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी. उलट्या बाजूनेही नातं आहे, वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या आकसलेल्या किडनीत सिस्ट होतात आणि त्यात कॅन्सरचं प्रमाण वाढतं.

किडनी कशाने जाते

सीकेडीची सगळ्यात मोठी दोन कारणं शुगर आणि बीपी, त्यात वाद नाही. अचानक होणाऱ्या बिघाडात, म्हणजे एकेआयमध्ये, पावसाळ्यातला लेप्टो, मलेरिया, जुलाब, घोणस चावणं हे आपल्याकडचे नेहमीचे, आणि यातले बरेच जण थोडे दिवस डायलिसिस लागूनही पूर्ण बरे होतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्रुफेनच्या गोळ्या, जडीबुटीवाल्याची कुठलीशी भस्मं, हे हळूहळू नुकसान करत राहतं. रंग उजळणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याने किडनी बिघडल्याच्या केसेस २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये सापडल्या, अकोल्यातही.

काही ठिकाणी मात्र शुगर नाही, बीपी नाही, तरी शेतात राबणारी तरुण माणसं डायलिसिसवर जातात. आंध्रात श्रीकाकुलमचा उद्दानम भाग, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतले उसाचे मळे, आणि गोव्यात काणकोण तालुका. उन्हातली मेहनत, कमी पाणी, पाण्यातले घटक, कीटकनाशकं, सगळ्यांवर संशय आहे, एक कारण कुणी सिद्ध केलेलं नाही. विदर्भात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले गावकरीही खाऱ्या पाण्यामुळे किडन्या जातात असं वर्षानुवर्षं सांगत आलेत.

गोळ्या आणि ताट

गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत पण घसरण बरीच लांबवता येते. बीपी १३० च्या खाली, लघवीत अल्ब्युमिन असेल तर रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, ही शुगरची औषधं २०२० पासूनच्या ट्रायलमध्ये शुगर नसलेल्यांच्या किडनीलाही उपयोगी ठरली. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, त्यानंतर किमती धाडकन खाली आल्या. या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन आधी थोडं वर जातं आणि पेशंट घाबरून बंद करतो, खरं तर ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टरांनी धरलेलीच असते, फक्त पोटॅशियम तपासायचं आणि उलट्या-जुलाब असताना डॉक्टरांना विचारून थांबवायचं.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडे अतिरेक चालतो. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण, वरून घेतलेलं मीठ गेलं. सैंधवही मीठच आहे, त्याने काही वाचत नाही, आणि लो-सोडियम मिठात पोटॅशियम क्लोराईड असतं जे चौथ्या-पाचव्या स्टेजला जिवावर बेतू शकतं. शहाळ्याचं पाणी थंड, पौष्टिक म्हणून पाहुणे घेऊन येतात, त्यातही पोटॅशियमच, आणि स्टारफ्रूट तर विषासारखं. भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून केल्या की पोटॅशियम उतरतं. पण हे सगळं रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं असेल तर, दुसऱ्या स्टेजच्या माणसाची डाळ, फळं, सगळं बंद करून त्याला वाळवण्यात काही हशील नाही. डायलिसिसच्या आधी प्रोटीन किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट १ ते १.२, हा बदल घरी कुणी सांगत नाही आणि पेशंट जुन्याच पथ्यावर खंगतो. खूप पाणी प्या हा सल्ला मुतखड्याचा, सूज असलेल्या सीकेडीवाल्याचा नाही.

डायलिसिस

किडनीऐवजी रक्त गाळणारं पहिलं चालणारं मशीन हॉलंडमध्ये विल्लेम कोल्फ यांनी १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, सॉसेजच्या सेलोफेन नळ्या वापरून बनवलं. आपल्याकडे डायलिसिस हा शब्द घरोघरी पोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे असं म्हणायला हरकत नाही, आणीबाणीत स्थानबद्ध असताना १९७५ मध्ये त्यांच्या किडन्या गेल्या, मुंबईच्या जसलोकमध्ये आणलं आणि १९७९ ला निधन होईपर्यंत ते डायलिसिसवरच होते.

डायलिसिस क्रिएटिनिनच्या आकड्यावर सुरू करत नाहीत, लक्षणांवर करतात, २०१० मध्ये आलेल्या आयडियल ट्रायलने लवकर सुरू करून फायदा नाही हे दाखवलंच. पण तयारी मात्र लवकर हवी. हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात, तो पिकायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि तो वेळेत न केल्यामुळेच बरेच पेशंट मानेत कॅथेटर घालून, इन्फेक्शनची जोखीम घेऊन सुरुवात करतात. चौथ्या स्टेजपासून कमी वापरातल्या हाताची शीर जपायची, रक्त काढायला, सलाईनला, दुसरा हात द्यायचा. फिस्टुलाच्या हातावर बीपी नाही, घड्याळ नाही, रोज सकाळी बोटाने थरथर लागते का बघायचं, थांबली की त्याच दिवशी हॉस्पिटल.

एक सेशन चार तासांचं, मिनिटाला ५०० मिली द्रव म्हणजे १२० लिटर शुद्ध पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून वाहतं, त्यामुळे सेंटरचं मशीन बघण्याआधी आरओ प्लांट बघावा. आठवड्यात तीन वेळा व्हायला हवं, आपल्याकडे पैशामुळे आणि जाण्यायेण्यामुळे कित्येक जण दोनवर भागवतात. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत बीपीएल पेशंटना मोफत होतं, महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही बसतं, पण तालुक्याहून जिल्ह्याला तीन वेळा येण्याचं एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत नाही. घरी पोटातून करायचं सीएपीडी लांबच्या गावांसाठी खरं तर सोयीचं, दिवसातून तीन-चार पिशव्या बदलायच्या, तरी आपल्याकडे ते फार कमी वापरलं जातं.

ट्रान्सप्लांट

१९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी भावाला बसवली, भारतात मुंबईच्या केईएममध्ये १९६५ ला प्रयत्न झाला आणि जिवंत दात्याची यशस्वी किडनी वेल्लोरच्या सीएमसीत १९७१ ला बसली. मग किडनीचा बाजार सुरू झाला, म्हणून १९९४ चा कायदा आला, तो फेब्रुवारी १९९५ मध्ये सगळ्यात आधी लागू झाला त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. आई-बाप, मुलं, भावंडं, नवरा-बायको, २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही देऊ शकतात, रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत स्वॅप होतो. ब्रेनडेड दात्याच्या यादीचं काम मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली झेडटीसीसी केंद्रं बघतात, आणि डायलिसिस सुरू झालं की लगेच नाव घालायचं. देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त हे चित्र देशभर आहे, आई देते, बायको देते, तिच्यावर वेळ आली की मात्र घरात शांतता.

नवीन किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुन्या बहुधा तशाच ठेवतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड या गोळ्या किडनी चालू आहे तोवर, ठरल्या वेळेला, ब्रँड परस्पर न बदलता. टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच भावकीतल्या पपनसाने वाढते, त्यामुळे गणपतीत पपनस पेशंटच्या ताटात नको. बसवलेली किडनीही कायमची नसते, चांगली चालली तर दहा-पंधरा वर्षं, काहींची त्याहून खूप जास्त, आणि ती थकली की परत डायलिसिस किंवा दुसरं ट्रान्सप्लांट.