टेबलावरचा फोन खिशात कसा आला

नागपूरच्या सीताबर्डीतल्या जुन्या ऑफिसांत वीजमीटरच्या बाजूला अजून एखादा मळका पांढरा डबा भिंतीला अडकवलेला दिसतो. त्यातल्या तारा कपाटांमागून टेबलाटेबलांवर पोचतात. हा ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्सचेंज. बाहेरून कोणी ०७१२ लावून फोन केला की आधी ऑपरेटर उचलायची, 'थांबा, देऊन राहिली' म्हणायची आणि मिनिटभरानं सांगायची, 'साहेब जाग्यावर नाहीत.' पुढची सगळी खटपट या एका उत्तरापायी झाली.

१९८४ मध्ये सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. खेड्यांसाठी त्यांनी १२८ पोर्टचं, म्हणजे १२८ जोडण्यांचं, छोटं एक्सचेंज केलं आणि देशी इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजचं युग सुरू झालं. त्याआधी मोठ्या कचेऱ्यांत बोर्डावर दोऱ्या खोचून लाइन जोडायचे.

३१ जुलै १९९५ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, पण तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. ऑफिसचा फोन मोबाइलवर वळवणं म्हणजे चैनच. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि वळवणं सर्रास सुरू झालं. त्यातली गोम मात्र डब्यापाशी बसणाऱ्यालाच कळायची. वळवलेला एक फोन दोन लाइनी अडवतो, एक आत येणारी आणि एक बाहेर जाणारी. चार लाइनींच्या ऑफिसात दोन साहेब बाहेर गेले की तिसऱ्या गिऱ्हाइकाला 'बिझी'. मोबाइलवर नंबर दिसायचा तोही ऑफिसचाच, म्हणजे कोण बोलतंय ते उचलेपर्यंत कळायचं नाही. परत फोन केला की आपला खासगी नंबर समोरच्याकडे कायमचा गेला. माणूस नोकरी सोडायचा तेव्हा गिऱ्हाइकंही त्याच्याच खिशातून जायची. माझ्या मते मालकांना खरं टोचलं ते हेच.

यावरचा उपाय तोवर तयार होता. १९९९ मध्ये 'सिप' ही इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत ठरली, २००२ मध्ये ती सुधारली. तिच्यात एक्स्टेंशन, म्हणजे टेबलाचा आतला नंबर, तारेला बांधलेलं नसतं. मोबाइलवरचं ॲप सर्व्हरला 'मी इथं आहे' असं कळवत राहतं, आणि फोन आला की टेबल आणि खिसा दोन्ही वाजतात.

आपल्याकडे अडलं ते नियमात. एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशी बोलायला परवानगी होती, पण देशातल्या साध्या फोनशी तो कॉल जोडता येत नव्हता. दूरसंचार नियामक ट्रायनं ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली, दूरसंचार विभागानं २०१८ मध्ये ती वाट मोकळी केली. तोवर मोबाइलही सुधारले होते. २०१६ पासून आयफोनवर ॲपचा कॉल साध्या कॉलसारखाच लॉक स्क्रीनवर वाजू लागला. त्याआधी ॲप झोपलेलं असायचं आणि फोन हुकायचा.

मग २० मार्च २०२० आला. मुंबई-पुण्यासोबत नागपुरातलीही ऑफिसं बंद ठेवायचा आदेश निघाला, देशभरच्या लॉकडाउनच्या पाच दिवस आधी. फोन मात्र रिकाम्या टेबलांवर वाजतच होते. ज्यांनी ॲप घेतलं होतं त्यांचं निभावलं, बाकीच्यांनी जुना डबाच मोबाइलकडे वळवला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य सक्तीचं झालं. ज्यांच्या डब्यात नुसता दहा आकडी नंबर भरलेला होता, त्यांचे वळवलेले फोन त्या एका शून्यापायी अडले.