लक्ष ठेवणं आणि लक्ष देणं

मे महिन्यात जळगावात पारा ४५ कडे सरकला की एमआयडीसीतले ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणं, भर दुपारी ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागतात. आमच्या पीव्हीसी पाइपच्या लाइनवर एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या यंत्राचा) ड्राइव्ह सलग तीन दिवस असाच बंद पडत होता. मी नुकताच मेंटेनन्स इन्चार्ज झालो होतो. अमळनेरकडचा, आयटीआय झालेला एक पोरगा पॅनलसमोर बसलेला आणि मी त्याच्या पाठीमागे उभा. लाइन थांबून राहिली की बॅरलमधलं तापलेलं पीव्हीसी करपतं, नाकाला झोंबणारा आम्लाचा वायू सुटतो आणि डाय (पाइपला आकार देणारा साचा) उघडून साफ करण्यात अख्खी पाळी जाते. त्यामुळे माझा जीव टांगणीला. दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ तो रिसेट मारायचा, लाइन चालायची, तासाभरात पुन्हा बंद.

त्या दिवशी घरी जाताना मला मनापासून वाटत होतं की आपण पोराकडे किती लक्ष दिलं! प्रत्यक्षात दिवसभर लक्ष ठेवलं होतं.

दोन्हींत आपण जवळच उभे असतो, वेळही तेवढाच जातो, म्हणून गल्लत होते. लक्ष ठेवताना नजर कामावर असते: किती झालं, चुकलं कुठे. लक्ष देताना ती करणाऱ्यावर असते: याला काय दिसतंय, हा कुठे अडलाय. स्वतः हाताने काम करून वर आलेल्या माणसाला पहिलं आपोआप जमतं, कारण बिघाड त्याला लांबूनच कळतो. दुसरं शिकावं लागतं. गूगलने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावाने स्वतःच्याच व्यवस्थापकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या व्यवस्थापकाच्या आठ गुणांत तांत्रिक ज्ञान शेवटचं आलं आणि माणसाला घडवणं पहिलं. ज्ञान लागतंच, पण ते सल्ला देण्यापुरतं.

चौथ्या दिवशी मी स्टूल ओढून शेजारी बसलो आणि अहिराणीत विचारलं, ‘तुले काय वाटस?’ थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, ट्रिप फक्त दोन ते चारमध्ये होते. पॅनलच्या पंख्याची जाळी रेझिनच्या भुकटीने बुजलीय, आत हवाच जात नाही. बहुतेक ड्राइव्ह भोवतालच्या हवेचं तापमान ४० अंश धरून पूर्ण भारासाठी बनवलेले असतात. आमच्या पॅनलच्या आत त्याहून कितीतरी जास्त असणार. जाळी साफ केली, त्या दिवशी लाइन थांबली नाही. हे त्याला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. सांगितलं का नाही? ‘साहेब, तुम्ही रिसेटच मागत होते.’

म्हणून लक्ष ठेवणं वाईट, असं मात्र कुणी समजू नये. ड्राइव्हचं झाकण उघडायचं तेव्हा मी आजही मागे उभा राहतो. वीज तोडली तरी आतले वीज साठवणारे कपॅसिटर काही मिनिटं भारलेले असतात. वीज तोडणाऱ्या आयसोलेटरला कुलूप आणि टॅग लागला का, थांबायची वेळ पाळली का, मीटर लावून पाहिलं का, हे डोळ्यांनी बघायचंच. तिथे ‘तुझ्यावर विश्वास आहे’ म्हणून निघून जाणं हा शुद्ध निष्काळजीपणा. नवं काम असेल तरी तसंच. मोटर रिवाइंडिंगमध्ये मुरलेला माणूस पीएलसीसमोर, म्हणजे प्रोग्रामवर यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरसमोर, नवखाच असतो. किती जवळ उभं राहायचं ते माणसाच्या नोकरीच्या वर्षांवरून ठरवू नका, हातातल्या कामावरून ठरवा.

लक्ष द्यायला मात्र वेगळा वेळ काढावा लागतो. मी दर आठवड्याला प्रत्येकाबरोबर पंधरा मिनिटं काढतो, गेटबाहेर चहाच्या टपरीवर. केबिनमध्ये बोलावलं की पोरं आधी कामाचा हिशोब देऊ लागतात. पहिल्या दोन-तीन वेळा गप्पा हवापाण्याच्या होतात, घाई करू नये. पाचव्या की सहाव्या चहाला तो अमळनेरचा पोरगा म्हणाला, ‘भाऊ, मले पीएलसी शिकनं शे.’ माझ्या रोजच्या चेकलिस्टमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.