डिस्कचा क्लोन की इमेज? हिशेबाच्या कॉम्प्युटरसाठी काय ठेवावं

धुळ्याच्या बाजारपेठेत हिशेबाच्या कॉम्प्युटरचा बॅकअप आहे का विचारा, उत्तर ठरलेलं: "भाऊ, क्लोन मारेल शे ना!" बघायला जावं तर निम्म्या वेळा ती इमेज निघते. दोन्हींतून अख्खा कॉम्प्युटर परत उभा राहतो, पण पद्धत वेगळी.

क्लोन म्हणजे बूट पार्टिशन (कॉम्प्युटर सुरू करणारा डिस्कचा भाग), विंडोज, टॅली, बिलं, सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर. मूळ डिस्क गेली की ही लावायची आणि काम सुरू, गाडीची स्टेपनीच. पण त्यात अख्खी डिस्क अडकते आणि राहते ती फक्त शेवटच्या क्लोनपर्यंतची स्थिती. सोमवारी फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर शिरलं आणि मंगळवारी तुम्ही क्लोन केला, तर क्लोनमध्येही कुलूपबंद फायलीच.

इमेजमध्ये तोच मजकूर दाबून फायलींत बांधलेला असतो. तिच्यावरून कॉम्प्युटर थेट सुरू होत नाही. कॉम्प्युटर सुरू करणारा बूट पेनड्राइव्ह लावून नव्या डिस्कवर उतरवावी लागते. त्यात तास-दोन तास जातात. बदल्यात एकाच एक्स्टर्नल डिस्कवर महिन्या-महिन्याच्या इमेज ठेवता येतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकताना क्लोन, बॅकअपसाठी इमेज. जळगावच्या डाळ मिलसारखं काम तासभरही थांबवणं परवडत नसेल, तर दोन्ही.

तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दोन्ही कामं करतं. ते पेनड्राइव्हवरून चालतं आणि ओळखीच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) फक्त वापरलेली जागा उचलतं. मात्र मागच्या वेळेनंतर बदललं तेवढंच घेणं त्याला जमत नाही, दरवेळी पूर्ण इमेज. पडद्यावर डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी दिसतात. मॉडेल आणि आकार वाचल्याशिवाय एंटर दाबू नका, उलट दिशेने क्लोन झाला तर मूळच पुसलं जातं. १ टीबीवरून ५०० जीबीवर जायचं म्हटलं तर क्लोनझिला सहसा नकारच देतं, डेटा कितीही कमी असो. कीबोर्डऐवजी माउसची सवय असेल तर रेस्क्यूझिला घ्या. क्लोनझिलाच्या इमेज त्यालाही वाचता येतात. जुन्या व्हिडिओंत मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीची शिफारस असते, पण तिचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे.

वेळ रात्रीची निवडा, सलग चालून डिस्क तापते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास आणि बंद केसमध्ये हवा खेळत नाही. इन्व्हर्टरही हवाच. मध्येच वीज गेली तर मूळ डिस्क सहसा वाचते, कारण तिच्यावरून फक्त वाचन चालू असतं. नवी मात्र अर्धवट राहते.

क्लोन तपासताना जुनी डिस्क काढून नवी आत बसवा. दोन्ही जोडून ठेवल्या तर ओळख-क्रमांक सारखा असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करतं. यूएसबीवरून तपासण्यात अर्थ नाही, साधं विंडोज तिथून बहुधा सुरूच होत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

आणि डिस्क टकटक वाजत असेल तर यातलं काहीच नको. तिथे बिघडलेल्या डिस्कवरून डेटा काढणारं डीडीरेस्क्यू लागतं. ते आधी धड भाग उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. डेटा लाखमोलाचा असेल तर तेही न करता डिस्क बंद करून रिकव्हरीवाल्याकडे न्या.