बीओटी आपल्या गावांत आली कशी?

बीओटी म्हटलं की सांगली-साताऱ्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पालिकेची मोक्याची जागा, तळमजल्यावरचे गाळे आणि तीस वर्षांचा करार येतो. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' हे तिचं सरकारी नाव: खासगी ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने बांधायचं, ठरलेली वर्षं भाडं किंवा टोल घेऊन तो खर्च वसूल करायचा आणि मग ते परत द्यायचं.

मुळाशी पैशाची चणचण आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या अंगावर कामं टाकली, पण त्यांच्या जोडीने उत्पन्न आलं नाही. उलट १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. राज्याने तोवर, १९९६ मध्ये, रस्ते विकास महामंडळ काढलं होतं. साताऱ्यापासून कागलपर्यंतचा महामार्ग चौपदरी झाला आणि कराडजवळ तासवड्याला गाडी थांबवून टोलची पावती घ्यायची सवय आपल्याला लागली. शहरांसाठीच्या केंद्राच्या २००५ च्या नेहरू पुनरुत्थान योजनेने निधीला सुधारणांच्या अटी जोडल्या, त्यांत खासगी भागीदारीही होती. त्या योजनेतल्या शहरांच्या यादीत सांगली नव्हती. लहान शहरांना जोडयोजना मिळाली.

पण धोरण वरून जेवढं आलं, त्याहून जास्त शेजारून आलं, असं मला वाटतं. मुख्याधिकारी एका गावाहून दुसऱ्या गावी बदलून जातो, सल्लागार तोच असतो, निविदेचा मसुदाही जवळपास तोच. सभेत तो कधी विषयपत्रिकेवर येतो, तर कधी 'ऐनवेळचा विषय' म्हणून. ऐनवेळी आलेला तीस वर्षांचा करार नगरसेवकांनी वाचायचा कधी? ज्यांच्या जागेवर आणि खिशावर तो उभा राहतो, त्या नागरिकांपर्यंत तर मसुदा पोहोचतच नाही. हे मला मनापासून खटकतं.

म्हणून कोल्हापूर महत्त्वाचं. तिथे २००८ च्या बीओटी करारातून शहरातले रस्ते झाले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली. आपल्याच गावात शिरायला पैसे का, या एका प्रश्नावर शहर रस्त्यावर उतरलं. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. आंदोलनाच्या पुढे होते कॉम्रेड गोविंद पानसरे आणि प्रा. एन. डी. पाटील. एन. डी. मूळचे आपल्या वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेची धुरा वाहिलेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. टोल रद्द झालेला त्यांना पाहता आला नाही. तो निर्णय त्याच वर्षाच्या अखेरीस झाला आणि रस्त्यांचे पैसे शेवटी सरकारी तिजोरीतूनच भागवावे लागले.