बेस रेकॉर्डिंगला ॲम्प वाहून न्यावाच लागतो?

डोंगरातल्या घरात रेकॉर्डिंग करायचं तर बेस गिटारचा अवजड ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) न्यावाच लागतो, नाहीतर आवाज दबका येतो, हा समज जुना आणि चुकीचा. १९६०च्या दशकात डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसनचा फेंडर प्रिसिजन बेस थेट कन्सोलमध्ये, म्हणजे ध्वनिमिश्रणाच्या यंत्रात, जायचा!

आवाज दबतो तो बहुतेकदा वेगळ्याच कारणाने. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसची केबल साध्या लाइन इनपुटात खुपसली की पिकअपवर (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागावर) भार पडतो आणि वरची धार मरते. सुमारे १ मेगाओहम इतक्या जास्त रोधाचं इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला, यूएसबीवर चालणारा छोटा इंटरफेस (बेस लॅपटॉपला जोडणारी पेटी) पुरतो; ॲम्पचा रंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढवता येतो. वाचलेले पैसे चांगल्या हेडफोनवर घाला. खालच्या ई तारेचे ४१ हर्ट्झ लॅपटॉपच्या स्पीकरला झेपत नाहीत. आणि हो, तारांचा जादा संच विसरू नका.